नोंदणी आणि मान्यता

कामगारांना संघ स्थापण्याचा अधिकार आहे काय, असा प्रश्न विचारला तर त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येईल. परंतु त्या संघाशीं बोलणीं करणें मालकावर बंधनकारक आहे काय, असा दुसरा प्रश्न केला, म्हणजे मात्र आपल्या देशांतील कामगारविषयक कायद्यांचा बराचसा इतिहास चाळावा लागतो. पहिल्या अधिकाराचें कायद्यांतील नांव नोंदणी, दुसऱ्याचें मान्यता. दोन्ही शब्द दिसावयास शेजारचे. पण एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत पोंचावयास देशाला जवळजवळ एक शतक लागलें.

मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न नारायण मेघाजी लोखंडे यांनीं केला. १८८४ सालीं त्यांच्या खटपटीनें तयार झालेल्या अर्जावर सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या, आणि १८९० सालीं आठवड्याच्या सुट्टीची मागणी पदरांत पडली. तथापि त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नव्हती, निधि नव्हता, लेखी नियमहि नव्हते. लोखंडे यांची वाणी आणि लेखणी हेंच तिचें सारें भांडवल होतें.

संघ रीतसर स्थापिला तरी तो सुरक्षित नव्हता, हें मद्रासेस दिसून आलें. बी. पी. वाडिया यांनीं १९१८ सालीं तेथें मद्रास लेबर युनियन काढली. १९२० सालीं बकिंगहॅम गिरणींत टाळेबंदी होतांच, कामगारांना करार मोडावयास चिथावणी दिली, असा दावा गिरणीच्या चालकांनीं वाडिया यांजवर हायकोर्टांत लावला आणि मनाईहुकूम मिळविला. वाडिया यांनीं संघाशीं संबंध सोडला, तेव्हां कोठें तें प्रकरण मिटलें. संप हा पुढाऱ्यांचा गुन्हा ठरूं लागला, तर संघाचें पुढारीपण पत्करणार कोण? म्हणून नारायण मल्हार जोशी यांनीं मार्च १९२१ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत संघांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा ठराव आणला. पांच वर्षांनीं, १९२६ सालीं, ट्रेड युनियन्स ॲक्ट मंजूर झाला व १ जून १९२७ पासून अमलांत आला. सात सभासदांच्या अर्जावर संघाची नोंदणी होऊं लागली, आणि योग्य मार्गानें केलेल्या संघकार्याबद्दल कटाचा आरोप किंवा नुकसानभरपाईचा दावा यांचें भय उरलें नाहीं.

कायद्यानें संघाला जन्म दिला, पण मालकाच्या कचेरींत खुर्ची दिली नाहीं. नोंदलेल्या संघाचें पत्र मालकानें केराच्या टोपलींत टाकलें तरी कायद्याचा भंग होत नसे. १९२८ सालीं मुंबईच्या सुमारें दीड लाख गिरणी कामगारांनीं सहा महिने संप चालविला. त्यांच्या संघाशीं नित्याचा विचारविनिमय करण्याची सक्ती मालकांवर तरीहि आली नाहीं. व्हिटली कमिशननें १९३१ च्या अहवालांत मान्यता मनापासून द्यावी, असा उपदेश केला. उपदेश मानणें न मानणें मालकाच्या मर्जीवर राहिलें.

ही उणीव भरून काढण्याचें काम डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हातीं घेतलें. संपावर निर्बंध घालणाऱ्या मुंबई इलाख्यांतील बिलाला १९३८ सालीं त्यांनीं कडाडून विरोध केला होता, आणि ७ नोव्हेंबर रोजीं त्याविरुद्ध एक दिवसाचा संप घडवून आणण्यांत भाग घेतला होता. १९४२ सालीं ते मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री झाले आणि नोव्हेंबर १९४३ मध्यें त्यांनीं दुरुस्ती बिल मांडलें. त्याचे मुद्दे तीन होते: संघानें ठराविक अटी पाळाव्या, अटी पाळणाऱ्या संघास मालकानें मान्यता द्यावी, आणि न दिल्यास तो गुन्हा समजावा. बिल लोकमतासाठीं पाठविण्यांत आलें, आक्षेप आले, १९४६ सालीं नवें बिल पुढें आलें आणि जगजीवनराम मंत्री असतां १९४७ च्या अखेरीस कायदा मंजूर झाला. मजूर न्यायालयाच्या हुकुमानें मान्यता, बोलणीं करण्याचा हक्क, आणि संघकार्य करणाऱ्याचा छळ केल्यास शिक्षा, असें सारें त्यांत होतें. अंमल केव्हां सुरू करावयाचा, ती तारीख तेवढी सरकारनें जाहीर करावयाची होती. ती तारीख कधींच जाहीर झाली नाहीं.

महाराष्ट्रानें स्वतःपुरती वाट काढली. १९७१ चा मान्यताविषयक कायदा ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू झाला. ३० टक्के कामगार सहा महिने सभासद असलेल्या संघास त्यानें मान्यतेचा मार्ग खुला केला. मात्र मुंबईच्या कापड गिरण्यांत १९४६ च्या कायद्याप्रमाणें एकच प्रातिनिधिक संघ बोलणीं करी. १९८२ सालीं सुमारें अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागें जाऊन संपावर गेले, तेव्हां तो कायदा रद्द करावा, हीहि त्यांची एक मागणी होती. कायद्यानें मानलेला प्रतिनिधि एक आणि कामगारांनीं मानलेला दुसरा, अशी फारकत पडली, तेव्हां मान्यता हीच कामगाराच्या गळ्यांतील धोंड झाली. संप फसला आणि हजारों कुटुंबांची रोजी गेली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२६ च्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनें घेतली आहे. कारखान्यांत अनेक संघ असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेला संघ वाटाघाटींचा अधिकारी; तसा संघ नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघांचें मंडळ. १९४३ सालीं मागितलेली खुर्ची अशी अखेर देशभरच्या कायद्यांत आली. परंतु त्याच संहितेनें संपापूर्वीं १४ दिवसांच्या नोटिशीची अट सर्व कारखान्यांना लावली आहे. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याला मान्यता, पण ज्या बळावर तो बोलतो त्यावर लगाम, असा हा व्यवहार आहे. त्या खुर्चीवर बसणारा माणूस कामगारांनींच निवडलेला असेल काय, याच्या उत्तरावर तिची किंमत ठरेल. १९४७ च्या कायद्याला तारीख मिळाली नाहीं. १९८२ सालीं कामगारांचा कौल मोजला गेला नाहीं. या दोन चुकांची किंमत गिरणगांवानें चुकविली आहे. ती पुन्हां कोणास चुकवावी लागूं नये.