निफाडचा पारा आणि पुण्यातली एक जुनी नोंद

पुतण्या शिकता शिकता विद्यापीठात अर्धवेळ संशोधन सहायक म्हणून लागलाय, हवामानाच्या कामाला. काम काय, तर पहाटे उठून तापमापकं वाचायची अन् वहीत आकडे लिहायचे. "यासाठी शिकवलं का तुला?" असं घरात सगळे हसले. मीही हसलो. नंतर पुण्याची ही गोष्ट वाचली.

1932 साली पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला. प्रमुख डॉ. एल. ए. रामदास, मूळ पालघाटचे, कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी आणि आत्मनाथन यांनी रात्री जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजलं. तेव्हा पुस्तकं सांगायची की निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात थंड जमीनच असते, वर जावं तशी हवा उबदार. यांच्या नोंदी उलट्या निघाल्या. उघड्या रानात सगळ्यात कमी पारा जमिनीपासून एक-दोन विती वर, आणि खालची जमीन त्याहून गरम!

बाहेरच्या शास्त्रज्ञांना हे पटेना. उघडा तापमापक रात्री स्वतःच जास्त गार पडतो, तुमची मोजणीच चुकली असणार, अशी शंका होती. शंका रास्तच म्हणा. पण 1950 च्या दशकात राश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच पुन्हा मोजलं आणि तेच निघालं. आज त्याला रामदास थर म्हणतात. हे असं का होतं, यावर पुढे बंगळुरूत बरंच काम झालं.

आता आपलं बघा. थंडीत निफाडचा म्हणून जो आकडा पेपरात येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. वेधशाळेची ती पांढरी लाकडी पेटी साधारण चार फुटांवर असते. द्राक्षाचा मांडव त्याच्याही वर, पण कांद्याचं रोप आणि नुकता उगवलेला हरभरा वीतभरच. त्यांना लागणारी थंडी पेपरातल्या आकड्यापेक्षा वेगळी असू शकते. दाट वाढलेल्या पिकात परत हिशेब बदलतो, तिथे पिकाचा शेंडाच जास्त गार पडतो.

परवा पुतण्याकडून दोन तापमापकं मागवली. एक रोपवाटिकेत वीतभर उंचीवर, एक मांडवाखाली. तो म्हणाला, "काका, सूर्य उगवायच्या आत वाचा, आणि वाचताना तोंडाची वाफ लागू देऊ नका." उद्यापासून दोन्ही आकडे इथे टाकतो.