साचा तोच, पाणी खारं!

मंडळी, मागच्या आठवड्यात दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी गेलो होतो. मागच्या दाराची सिमेंटची चौकट उभी फाटलेली. हात लावला तर ढपलाच निघाला. आत सहा एमएमची सळई, गंजून अर्धी झालेली. चौकट बसवून दहा वर्षंही झाली नाहीत. आणि समोरच्या दाराला आजोबांच्या वेळची सागाची चौकट, अजून टणक!

मिस्त्रीला म्हटलं, साचा खराब होता का? तो म्हणाला, "साच्याचा काय दोष भाऊ? पानीच खारं हाये."

त्या एका वाक्यापायी ही पोस्ट.

आपल्या वऱ्हाडात आधी चुना होता. बाळापूरचा विटांचा किल्ला 1757 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा सिमेंट जन्मालाही आलं नव्हतं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडच्या जोसेफ ॲस्पडिननं 1824 मध्ये घेतलं. त्यात लोखंड घालायची युक्ती एका माळ्याची! जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्यानं तारेच्या जाळीवर सिमेंट थापून झाडांच्या कुंड्या केल्या आणि 1867 मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे आपली चौकट त्या कुंडीचीच नात.

भारतात पोरबंदरला 1914 मध्ये सिमेंट निघू लागलं. पण गरिबाच्या घरी यायला बराच काळ गेला. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, पोतं परमिटवर. सिमेंटच्या वाटपावरून 1982 मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली, एवढं त्या पोत्याचं वजन! त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि 1989 मध्ये पूर्ण उठलं.

माझ्या शाळेच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला साचे दिसू लागले ते याच सुमारास. पत्र्याचा साचा, आतून जळकं ऑइल, सळईचा पिंजरा, वरून गिट्टी-रेतीचा माल. दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा आणि मग पाणी मारायचं. चौकट, जाळी, गव्हाण, कुंपणाचे खांब, तुळशीवृंदावन. ज्याला साग परवडत नव्हता, त्याच्याही घराला दार लागलं. हे उपकार साच्याचेच, नाकारू नका.

पण आपण राहतो खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेल्या या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. त्यातलं मीठ कालव्यात गेलं की सळईला गंज धरतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतूनच सिमेंट फोडतं. बाहेरून चौकट गुळगुळीत, आत कीड.

आयएस 456 या मानकात स्पष्ट लिहिलंय: सळई असलेल्या कामाला एका लिटर पाण्यात क्लोराइड 500 मिलिग्रॅमच्या वर नको. सळई नसेल तर 2000 पर्यंत चालतं. म्हणजे बिनसळईची गव्हाण टिकून जाते, मार बसतो तो चौकटीला आणि खांबाला.

आता हिशेब बघा. एका 50 किलोच्या पोत्याला कालवायला पाणी लागतं साधारण 25 लिटर. दीड-दोन बादल्या! शहानूरचं, वानचं गोडं पाणी नळानं कितीतरी गावांत आलंय. दोन बादल्या गोडं पाणी वाचवायच्या नादात आपण घराचं दार घालवतो. वरून मारायचं पाणीही गोडंच हवं, ते मात्र जास्त लागतं, म्हणून सात-दहा दिवस ओलं पोतं गुंडाळून ठेवा.

घरकुलाची यादी लागली की लोक चौकटीचा भाव विचारतात. भावाच्या आधी एवढंच विचारा: "पाणी कुठलं वापरता?" बोअरचं म्हणाला तर बाटलीभर घेऊन भूजल विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. आणि घरकुलाच्या कामात पाण्याची तपासणी सक्तीची करा, ही मागणी ग्रामसभेत मांडा.

तुमच्या गावातही चौकटी फुटल्यात का? फोटो टाका, गावाचं नाव लिहा. सगळे मिळून निवेदन देऊ.