दोन ध्वनिमुद्रिकांच्या दरम्यान : ‘द ब्लॅक कीज’, २००८ ते २०१०

सहकार्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एक अडचण हमखास येते. जे सिद्ध झाले त्याची साधने मागे राहतात. जे घडत होते त्याची राहत नाहीत. ध्वनिमुद्रिकेवर वर्ष असते, नावे असतात. परंतु दोन ध्वनिमुद्रिकांच्या मधल्या काळात कलावंतांचा परस्परसंबंध कसा पालटला, हे तबकडीवर कोठेच कोरलेले नसते. ‘द ब्लॅक कीज’ या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. हा वाद्यवृंद अवघ्या दोघांचा आहे.

डॅन ऑरबाख (गिटार व गायन) आणि पॅट्रिक कार्नी (ड्रम) हे ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या टायरांच्या नगरीचे रहिवासी, बालपणापासून शेजारी. २००१ च्या सुमारास ऑरबाख कार्नीच्या तळघरात ध्वनिमुद्रणासाठी आला; ठरलेले इतर वादक फिरकलेच नाहीत, तेव्हा कार्नी स्वतःच ड्रमवर बसला. ‘थिकफ्रीकनेस’ (२००३) ही त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका बहुतांशी एकाच १४ तासांच्या बैठकीत, तळघरातील जुन्या फीतयंत्रावर तयार झाली, आणि ‘रबर फॅक्टरी’ (२००४) बंद पडलेल्या एका टायर-कारखान्यात. या साधेपणाचे पुढे बरेच कौतुक झाले. त्याच्या मुळाशी व्रत नव्हते, पैशांची चणचण होती, हे मात्र विसरू नये.

२००८ च्या ‘अटॅक अँड रिलीज’साठी त्यांनी प्रथमच व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृह आणि बाहेरचा निर्माता स्वीकारला. हा निर्माता म्हणजे ब्रायन बर्टन, ऊर्फ ‘डेंजर माउस’. पुढील यशाचे श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते. हे मत मला पुरते पटत नाही. बर्टनचे ऋण खरे आहे. पण २०१० च्या ‘ब्रदर्स’मध्ये त्याने केवळ ‘टाइटन अप’ या एकाच गीताची निर्मिती केली. तेच गीत सर्वाधिक गाजले, हे मान्य करूनही, उरलेल्या ध्वनिमुद्रिकेचे रूप कोठून आले हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्याचे उत्तर २००९ या वर्षात शोधावे लागते. वरवर पाहता हे वर्ष फुटीचे होते. फेब्रुवारीत ऑरबाखची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ‘कीप इट हिड’ प्रसिद्ध झाली. तिची पूर्वकल्पना आपल्याला नव्हती, असे कार्नीने पुढे मुलाखतींतून सांगितले. कार्नीने ‘ड्रमर’ नावाचा निराळा वाद्यवृंद उभारला. त्यातील सगळेच मूळचे ड्रमवादक, आणि स्वतः कार्नी तेथे बास गिटार वाजवीत असे. या तपशिलाकडे विनोद म्हणून पाहिले जाते. मला तो महत्त्वाचा वाटतो. सात-आठ वर्षे दोघांच्या वाद्यवृंदात बासची जागा रिकामीच होती. त्याच वर्षी ‘ब्लॅकरॉक’ या प्रकल्पासाठी दोघे ब्रुकलिनमध्ये पुन्हा एकत्र आले आणि रॅप-गायकांसाठी वादन करू लागले. शब्द दुसऱ्यांचे, गायन दुसऱ्यांचे. यांनी द्यायचा तो केवळ लयीचा पाया. अशा कामात गिटार आपसूक मागे सरते आणि बास व ड्रम पुढे येतात.

येथे माझ्या विषयाकडे किंचित वळतो. इंग्रजीत ‘वुई’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. मुलाखतींतून संशोधकाच्या हाती लागते ते सारे ‘आम्ही’; या दोघांनी एकमेकांशी बोलताना वापरलेले ‘आपण’ त्याला क्वचितच सापडते. अशा वेळी कामाची पद्धत हाच पुरावा मानावा लागतो.

ती पद्धत बदललेली स्पष्ट दिसते. ऑगस्ट २००९ मध्ये दोघे अलाबामातील मसल शोल्स साउंड स्टुडिओच्या जुन्या वास्तूत गेले. १९६९ साली तेथे रोलिंग स्टोन्सने ध्वनिमुद्रण केले होते. आता यंत्रसामग्रीसुद्धा बाहेरून आणावी लागली. पूर्वी गीताचा आरंभ बहुधा गिटारच्या एखाद्या आवर्तनापासून होई. आता ड्रम आणि बास आधी बसवून त्यावर गिटार आणि गायन रचले जाऊ लागले. म्हणजे ज्याच्याकडे पूर्वी साथ होती, त्याच्याकडे पाया आला. ऑरबाखही काही ठिकाणी कृत्रिम उंच स्वरात गाऊ लागला, कारण खालची जागा आता भरलेली होती. ‘ब्रदर्स’ला २०११ मध्ये ग्रॅमी पारितोषिके मिळाली ती सर्वश्रुत आहेत; त्यांचा ऊहापोह येथे करीत नाही.

२०१४ च्या ‘टर्न ब्लू’नंतर पाच वर्षांचा खंड पडला आणि दोघे पुन्हा स्वतंत्र कामांत गुंतले. ‘लेट्स रॉक’ (२०१९) त्यांनी बर्टनवाचून केली. पुढे ‘डेल्टा क्रीम’ (२०२१) मध्ये मिसिसिपीच्या डोंगराळ भागातील ब्लूज-गीते केनी ब्राउन व एरिक डीटन या तिकडच्या जुन्या गायकांच्या साथीदारांसह नॅशव्हिलमध्ये दोनच दिवसांत मुद्रित झाली. बासवर या वेळी डीटन होता.