लक्षणेचे साक्षीदार : विकासात्मक अक्षमता, वाग्व्यवहार आणि वरळीची बीडीडी चाळ

भाषा ही एकेका व्यक्तीच्या ठायी वसणारी क्षमता मानावी, की व्यक्तींच्या दरम्यान घडणारा व्यवहार मानावा, हा भाषामीमांसेतील जुना प्रश्न आहे. विकासात्मक अक्षमता असलेल्या माणसांच्या बोलण्याचा इतिहास पाहू लागले की तो केवळ तात्त्विक उरत नाही. राज्यसंस्थेला पहिली भूमिका नेहमीच सोयीची वाटत आली. 1912 च्या ‘इंडियन लुनसी अ‍ॅक्ट’ने ‘लुनॅटिक’च्या व्याख्येतच ‘इडियट’ सामावून घेतला. 1995 च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने ‘मतिमंदत्व’ वेगळे काढले, पण स्वमग्नतेचे नाव त्यात नव्हते. ते 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले. या साऱ्या संज्ञा बोलणाऱ्याचे मोजमाप करतात. ऐकणाऱ्याविषयी त्या मौन पाळतात.

या मौनाला छेद देणारे निरीक्षण वैद्यकातूनच आले, ही गोष्ट साहित्याभ्यासकांनी फारशी मनावर घेतलेली नाही. स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन 1943 मध्ये करणाऱ्या लिओ कॅनर यांनी 1946 मध्ये या मुलांच्या ‘असंबद्ध आणि रूपकात्मक’ भाषेवर स्वतंत्र निबंध लिहिला. एक मुलगा कोणतीही वस्तू फेकण्याचा मोह झाला की खेळण्यातला कुत्रा सज्जातून टाकू नये, अशा अर्थाचे एक वाक्य स्वतःशी उच्चारी. तिथे कुत्रा नसे, सज्जाही नसे. तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात आईने वैतागून त्याला तसे बजावले होते. प्रसंग ठाऊक असणाऱ्याला वाक्य स्वच्छ कळते. नसणाऱ्याला ती बडबड वाटते.

कॅनर याला रूपक म्हणतात. भारतीय काव्यशास्त्राची परिभाषा येथे अधिक नेमकी ठरते. मम्मटाने लक्षणेसाठी सांगितलेल्या तीन अटींपैकी मुख्यार्थबाध येथे उघड आहे. तद्योगही आहे, पण तो सादृश्याचा नसून साहचर्याचा आहे. म्हणून ही गौणी नव्हे, शुद्धा लक्षणा होय. (याकबसनच्या विभागणीतही ती रूपकाच्या ध्रुवाकडे जाणार नाही.) अडचण येते ती रूढीपाशी. ही रूढी एका घराची, फार तर एका मजल्याची असते. म्हणजे येथे शब्दशक्ती लोपलेली नाही. तिचा समाज अतिशय लहान आहे. केवळ प्रतिध्वनी समजले जाणारे शब्दही पुष्कळदा होकार, मागणी वा संभाषणातील आपली पाळी सांभाळणे अशी कामे करतात, हे प्रिझंट आणि डूशन यांच्या 1981 मधील अभ्यासाने दाखविले.

मराठी गद्याच्या आरंभकाळीच अशा ऐकण्याचा एक विलक्षण नमुना आढळतो. तेराव्या शतकातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे बोलणे तुटक, पुनरावृत्तीचे, ऐकणाऱ्याला चक्रावून टाकणारे होते. गाव त्यांना वेडे म्हणे आणि मायबापही म्हणे. म्हाइंभटाने संकलित केलेले त्यांचे चरित्र हे बोलणे दुरुस्त करीत नाही. कोणत्या प्रसंगी, कोणापुढे ते उच्चारले गेले हे नोंदविते. गोविंदप्रभूंवर आजच्या वैद्यकाचे निदान लादणे हा अनैतिहासिकपणा होईल. प्रश्न निदानाचा नाही, नोंदीच्या पद्धतीचा आहे. आधुनिक मराठी नाटकाने मात्र निराळी वाट धरली. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा रंगमंचाच्या मध्यभागी आहे, पण नाट्यप्रश्न आईवडिलांचा आहे.

वरळीच्या बीडीडी चाळीकडे या दृष्टीने पाहता येते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, 1920 मध्ये, मुंबईत विकास खाते निघाले आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांनी चाळींना नाव दिले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती. त्यांतील 121 एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, इमारतीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. गिरगावातल्या चाळीची उघडी गॅलरी येथे नाही. मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे. मजल्यावरचा नळ आणि संडास सामाईक. अशा रचनेत कोणत्याही मुलाच्या एखाद्या शब्दाचा मूळ प्रसंग केवळ घरात राहू शकत नाही. पातेले पडले ते समोरच्यांनी ऐकलेले असते. तद्योगाला साक्षीदार असतात.

या शेजाराचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तोच बोळ ‘येडा’ हे नाव ठेवतो आणि ते आयुष्यभर चिकटते. ज्याला गोंगाट सोसत नाही, त्याला तेथे लपायला कोपरा नसतो. दुसरीकडे, वाचादोषांचे शास्त्र याच शहरात रुजले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची जय वकील शाळा 1944 ची, तर नायर रुग्णालयातील वाचा-श्रवण विभाग 1966 चा. पण तपासणीच्या खोलीतील प्रमाण मराठी शब्द आणि घरातली मालवणी वा साताऱ्याकडची बोली यांत अंतर असते. शिवाय तपासनीस प्रसंगाचा साक्षीदार नसतो.

साक्षीदार मुळीच नसले म्हणजे काय होते, ते 1994 च्या फेब्रुवारीत दिसले. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अक्षमता असलेल्या काही स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिले गेले ते मासिक पाळीच्या वेळच्या स्वच्छतेचे. बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले. ते लिहिणारे बहुतांशी इतर होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘संज्ञापना’च्या व्याख्येत ब्रेल, चिन्हभाषा, सोपी भाषा आणि पर्यायी माध्यमे घेतली. 1912 पासूनचे हे अंतर मोठेच म्हणावे लागेल. तरीही व्याख्येतली यादी साधनांची आहे.

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतील पहिल्या 556 रहिवाशांना नव्या उत्तुंग इमारतींमधील 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. प्रौढ मुलाला सामाईक संडासापर्यंत हाताला धरून नेणाऱ्या आईला घरातल्या न्हाणीघराचे मोल कोणी पटवून देण्याची गरज नाही. पण सोडतीने घरे ठरली की समोरचे दार समोरच राहील याची शाश्वती नसते, आणि शब्दाचा प्रसंग ठाऊक असणारे निरनिराळ्या मजल्यांवर विखुरतात. स्कॉटलंडमध्ये 1990 च्या दशकाच्या आरंभी सॅली मिलर यांनी अशा व्यक्तींसाठी ‘संज्ञापन-पारपत्र’ नावाची छोटी वही रूढ केली : हा अमुक म्हणतो तेव्हा त्याला तमुक हवे असते, असे ओळखीच्या माणसांना विचारून त्यात लिहिले जाते. म्हाइंभटाचे काम याहून फार निराळे नव्हते. तोही प्रसंग पाहिलेल्यांना गाठून विचारीत होता.