हत्ती कुणाचा? राक्षसभुवन ते नांदणी

हा आपल्या मागच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना एक-दोन ठिकाणी माझी गाडी घसरली होती, तेवढं सरळ केलंय. बाकी जसं बोललो तसंच.

सोलापूर-धुळे महामार्गानं बीडकडून संभाजीनगरला निघालात, की गेवराईनंतर गोदावरीचा पूल लागतो. पुलापलीकडे जालना जिल्ह्यातलं शहागड. माझं आजोळ. मी आयुष्यातला पहिला हत्ती याच रस्त्यावर पाहिला. मे महिन्यातली दुपार, सोबत दोन साधू. हत्ती एक पाय डांबरावर ठेवायचा, दुसरा उचलून धरायचा. आम्हा पोरांना वाटलं नाचतोय. आम्ही टाळ्या वाजवल्या. आजीनं नारळ दिला, हत्तीनं तिच्या डोक्यावर सोंड ठेवली. आजी पुढे कितीतरी दिवस तेच सांगत होती. त्याचे पाय भाजत असणार, हे माझ्या डोक्यात यायला पंधरा वर्षं लागली.

आता याच नदीकाठची जुनी गोष्ट. शहागडहून फार लांब नाही, पलीकडच्या काठावर राक्षसभुवन आहे. लोक तिथं शनीच्या दर्शनाला जातात. १० ऑगस्ट १७६३ ला तिथं पेशवे आणि निजाम अली यांची मोठी लढाई झाली. भर पावसाळा, गोदावरीला पूर. निजाम नदी ओलांडून अलीकडे आलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौज घेऊन दक्षिण काठावर अडकलेला. राघोबादादा शत्रूच्या वेढ्यात सापडले. अवघ्या अठरा वर्षांचे माधवराव मदतीला धावले आणि लढाई फिरली. विठ्ठल सुंदर मारला गेला. पानिपतानंतर अडीच वर्षांत मराठे पुन्हा उभे राहिले, ते या लढाईत.

त्या काळात सेनापती हत्तीवर बसायचा, कारण तो सगळ्या फौजेला दिसायला हवा. पण तोच शत्रूलाही दिसतो! तोफा-बंदुका आल्यावर हत्तीचा लढाईतला उपयोग कमी कमी होत गेला. मान मात्र कमी झाला नाही. निशाण हत्तीवर, नगारा हत्तीवर, अंबारी हत्तीवर.

हा मान राखायला मोठी यंत्रणा लागायची. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत पीलखाना म्हणजे हत्तीखाना होता. अकबराच्या दरबारात हत्तींचे सात वर्ग होते आणि वर्गाप्रमाणे खुराक ठरलेला. त्याआधी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हस्त्यध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे आणि हत्तीला मारणाऱ्याला देहदंड सांगितलाय. हे सगळं प्रेमापोटी होतं असं मी म्हणणार नाही. हत्ती जंगलातून पकडूनच आणायचे, अंकुश होता, साखळदंड होते. पण पीलखान्यात हत्ती एकटा नसायचा. आजूबाजूला दुसरे हत्ती असायचे, पिढीजात माहूत असायचे आणि वैरणीचा खर्च सरकारी असायचा.

राज्यं गेली, पीलखाने मोडले. हत्ती उरले ते संस्थानिकांकडे, देवस्थानांकडे, मठांकडे, सर्कशीत, नाहीतर रस्त्यावर. बहुतेक ठिकाणी एकेकटे. माझ्या मते खरा घोळ इथं झाला. मान जुनाच राहिला, पण तो पेलणारी यंत्रणा संपली. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं आणि मऊ जमिनीवर मैलोन्‌मैल चालायला लागतं. हत्तिणी तर जन्मभर आई-बहिणी-मावश्यांच्या कळपात राहतात. हे सगळं एका शेडमध्ये कसं बसवणार?

मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागायला फिरवलेली बिजली आठवते का? २०१३ च्या जूनमध्ये मुलुंडला ती कोसळली. लोकांनी, डॉक्टरांनी खूप धडपड केली, पण ती गेली. पुढच्याच वर्षी सुंदरचं प्रकरण झालं. २००७ साली जोतिबा देवस्थानाला दान दिलेला हा हत्ती. त्याला साखळदंडात ठेवून मारहाण होते, अशा तक्रारी झाल्या. प्रकरण उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून २०१४ मध्ये सुंदरला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टाला हलवलं. तिथं त्याला दुसरे हत्ती भेटले.

आणि मग २०२५. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी, म्हणजेच माधुरी. १९९२ पासून मठात. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या वनताराला पाठवायला सांगितलं, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला आणि त्याच रात्री ती निघाली. निरोप द्यायला अख्खं गाव रडत रस्त्यावर होतं. पुढे दोन लाखांवर सह्या जमल्या, नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली.

माझा रूममेट शिरोळचा. त्यानं त्या आठवड्यात आपलं जिओचं सिम पोर्ट केलं. मी त्याला म्हणालो, "अरे, तिच्या पायाचे अहवाल तरी वाच." तो म्हणाला, "तू तिला कधी पाहिलंयस का? आमच्या घरातली होती ती." दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. मी आजीचा नारळ आठवत बसलो होतो. आजीचं प्रेम खोटं होतं का? मुळीच नाही. पण त्या प्रेमानं हत्तीच्या पायाखालचं डांबर थंड झालं नव्हतं.

रूममेटचा एक प्रश्न मात्र मला खोडता आला नाही. "तिची काळजीच घ्यायची, तर हजार किलोमीटर लांब गुजरातला कशाला? महाराष्ट्रात जागा नाही?"

आहे की! गडचिरोलीत, अहेरी तालुक्यात, कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. जंगलात लाकडं ओढायला आणलेले हत्ती आणि त्यांची पुढची पिढी. काम संपलं, हत्ती तिथंच राहिले. जंगल आहे, तलाव आहे, सोबत आहे. दर जानेवारीत त्यांना दहा दिवस सुट्टी असते आणि जडीबुटींच्या गरम लेपानं पाय शेकले जातात. तिथं त्याला चोपिंग म्हणतात. २०२२ मध्ये हे हत्तीही जामनगरला नेणार अशी बातमी आली, तेव्हा गडचिरोलीकरांनी कडाडून विरोध केला. कॅम्प आजही तिथंच आहे. डॉक्टर आणि पैसा हवा तेवढा नाही, ही तक्रार जुनीच आहे.

म्हणजे पीलखान्याचं आजचं रूप आपल्याच राज्यात आहे. आपण त्याच्याकडे बघत नाही, एवढंच.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९७७ पासून हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं आहे. २०१० मध्ये त्याला राष्ट्रीय वारसा प्राणी जाहीर केलं. तरी मालकीचं प्रमाणपत्र असेल तर तो माणसाकडे राहू शकतो आणि २०२२ च्या दुरुस्तीनं धार्मिक किंवा इतर कारणासाठी नेआणीची वाटही ठेवली. वारसा देशाचा, प्रमाणपत्र मालकाचं, आणि पाय हत्तीचे.

आंदोलनानंतर ऑगस्टमध्ये नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारायचा प्रस्ताव पुढे आला. माझ्या मते तो चांगला आहे, पण त्याला तीन प्रश्न विचारायला हवेत. तिथं दुसऱ्या हत्तिणी असतील का? पायाखाली माती असेल का? आणि मिरवणुकीला "नाही" म्हणायचा अधिकार डॉक्टरांना असेल का? तिन्हींचं उत्तर हो असेल, तर माधुरीला आणायला मी रूममेटसोबत नांदणीला जाईन. एकाचंही नाही असेल, तर तिथं फक्त शेड नवी असेल.

परवा शहागडच्या पुलावरून गेलो. नदीकाठी म्हशी पाण्यात बसल्या होत्या, निवांत. आजी आता नाही. असती तर तिला पायांची गोष्ट सांगितली असती. मला वाटतं, तिनं नारळ दिलाच असता, पण आधी डांबरावर बादलीभर पाणी ओतलं असतं.

तुमच्या गावात कधी हत्ती होता का? त्याचं पुढे काय झालं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.