कागदी मावळा: छापील साच्यातून उभे मॉडेल कसे करतात

दिवाळीचा किल्ला करायला अंगण लागते, माती लागते. विरार किंवा नालासोपाऱ्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात या दोन्ही गोष्टी मिळणे कठीण. मग किल्ला जिन्याखाली किंवा गॅलरीत खोक्यांवर गोणपाट टाकून उभा राहतो, आणि त्यावर ठेवायचे मावळे घरच्या घरी कागदाचे करण्याचा पर्याय पुढे येतो. साचा छापायचा, कापायचा, दुमडायचा, चिकटवायचा. काम सोपे दिसते, पण पहिला मावळा बहुधा तिरपा उभा राहतो आणि दोन दिवसांत मान टाकतो. त्याची कारणे ठरलेली आहेत.

साचा म्हणजे घन आकाराची उलगड. काड्यापेटी कडांवर कापून सपाट पसरली की जे दिसते, तेच. अशा उलगडी जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यांनी १५२५ साली आपल्या भूमितीच्या पुस्तकात छापल्या होत्या. पुढे फ्रान्समधल्या एपिनाल गावाच्या छापखान्यांनी कापून जोडायची रंगीत चित्रे घरोघर पोहोचवली आणि पोलंडमध्ये १९५७ पासून कागदी मॉडेलांना वाहिलेले मासिक निघू लागले. संगणकावरच्या त्रिमिती आकृतीची उलगड काढून देणारी ‘पेपाकुरा’ ही प्रणाली जपानी आहे. तिचे नाव ‘पेपर क्राफ्ट’ या शब्दांच्या जपानी उच्चारावरूनच आले.

सपाट कागदातून नळकांडे होते, शंकू होतो, खोका होतो. गोल चेंडू मात्र होत नाही. कागद न ताणता, न चुरगळता गोलाचा पृष्ठभाग सपाट करता येत नाही, हे कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ साली सिद्ध केले. म्हणून साच्यात डोके एकतर चौकोनी असते, किंवा संत्र्याच्या सालीसारख्या पाकळ्यांचे. पहिल्यांदा करणाऱ्याने पाकळ्यांच्या वाटेला जाऊ नये. नळकांड्याचे डोके पुरेसे छान दिसते: चार सेंटीमीटर व्यासासाठी साधारण १२.६ सेंटीमीटर लांबीची पट्टी आणि चिकटवायला पाच-सहा मिलिमीटरचा कान. ढाल तर आणखी सोपी. गोल चकती कापायची, केकचा तुकडा काढावा तशी तिच्यातून एक अरुंद फाक काढायची आणि कडा जुळवायच्या. चकतीला आपोआप मधोमध उंचवटा येतो.

छापताना एकच गोष्ट दुकानदाराला बजावून सांगावी: शंभर टक्के मापात छापा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर चित्र थोडे लहान होते. सगळी पाने सारखीच लहान झाली तर बिघडत नाही. धड एका मापात आणि पाय दुसऱ्या मापात आले, की कुठलाच कान खाचेशी जुळत नाही. साच्यावर पाच सेंटीमीटरची रेघ असेल तर ती दुकानातच पट्टीने मोजावी. ४.८५ भरली तर पान तीन टक्के आखडले आहे.

कागद कोणता, यावर निम्मे काम अवलंबून असते. रोजचा ७०-८० जीएसएमचा कागद मावळ्याचे वजन पेलत नाही. धडाला २०० जीएसएमच्या आसपासचे कार्डशीट आणि हात, मिशा, मुंडासे यांना १६० चे, असा जोड चांगला. शाईच्या प्रिंटरची साधी रंगीत शाई ओल्या बोटाने पसरते. लेझर छपाई पाण्याने पसरत नाही, पण घडीवर तिचा थर तडकून पांढरी रेघ दिसते. किल्ला उघड्या गॅलरीत असेल तर लेझर बरी. पांढऱ्या रेघेवर स्केचपेन फिरवता येते, कापलेल्या कडांवरही.

मावळे मान टाकतात ते दमटपणामुळे. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि फुगतो, पण सगळीकडे सारखा नाही. कारखान्यात कागद बनताना त्यातले बरेचसे तंतू एकाच दिशेला लागतात आणि ओलाव्याने कागद मुख्यतः त्या दिशेला आडवा फुगतो. समुद्राकाठच्या वसई-विरारमध्ये दिवाळीच्या तोंडावरही हवा कोरडी नसते, त्यामुळे इथे तंतूंची दिशा पाहणे ही चैन नाही. कागद न दुमडता हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या वाकाची रेघ तंतूंना समांतर असते. पायांच्या आणि धडाच्या नळ्या तंतू उभे राहतील अशा वळाव्यात, म्हणजे उंची टिकते, फुगवटा घेरात जातो. उरलेले कार्डशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावे. नव्या बुटांच्या खोक्यात मिळणारी ओलावा शोषणारी पुडी इथे कामी येते.

घडी घालण्याआधी रेघेवर शाई संपलेले बॉलपेन पट्टीला धरून दाबून फिरवावे. ही पायरी गाळली की घडी वाकडी जाते आणि मग काहीच दुरुस्त होत नाही. साच्यावर दोन प्रकारच्या रेघा असतात: बाहेर उंचावणारी डोंगरघडी आणि आत जाणारी दरीघडी. कोणती तुटक आणि कोणती सलग, हे प्रत्येक साच्यात वेगळे असू शकते, म्हणून कोपऱ्यातली खुणांची सूची आधी वाचावी. ब्लेड मोठ्यांनी चालवावे, मुलांच्या हाती कात्री पुरे.

फेव्हिकॉलमध्ये पाणी असते. जास्त लावला तर कागद सुरकुततो, म्हणून टूथपिकच्या टोकाने कानावर पातळ थर द्यावा आणि जोड वीस-तीस सेकंद धरून ठेवावा. आधी धड, मग पाय, मग डोके, हात आणि ढाल-तलवार शेवटी. बंद होत जाणाऱ्या भागात बोट शिरत नाही, तेव्हा शेवटचा जोड नेहमी पाठीला किंवा तळाशी येईल असा क्रम ठेवावा. तळ चिकटवण्याआधी प्रत्येक पायात एक रुपयाचे नाणे आतून डकवले, की गॅलरीतल्या वाऱ्याने मावळा आडवा होत नाही.

किल्ला कोणता हेही बघावे लागते. मावळा हा शिवकालातला, मावळ खोऱ्यातला शिपाई. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतला तो मे १७३९ मध्ये, पेशवाईत. त्यामुळे वसईची प्रतिकृती केलीच, तर त्यावरच्या शिपायांना मावळे म्हणण्यावरून एखादे आजोबा हरकत घेतील, आणि ती हरकत योग्य असेल. राजगड केला तर तो प्रश्न येत नाही.

दिवाळी संपल्यावर मावळे डब्यात बंद ठेवले तर महिन्याभराने त्याच साच्यातले चार जण नाताळच्या गोठ्यासाठीही उपयोगी पडतात. मुंडासे आणि ढाल काढायची, हातात काठी द्यायची, अंगरख्यावर तपकिरी कागदाची घोंगडी चिकटवायची. वसईतल्या ख्रिस्ती घरांत गोठा मांडताना मेंढपाळ लागतातच.