वसईच्या खाडीचे दोन पहारेकरी

फ्रान्सच्या वायव्येस, ब्रिटनी प्रांतांत, रान्स नदीच्या कांठीं दिनां नांवाचें एक लहानसें गांव आहे. टेकडीवर जुना तट, पायथ्याशीं बंदर. प्रवासी तें पाहावयास मुद्दाम जातात. मुंबईच्या वेशीवर, मीरा-भाईंदरमध्यें, अशीच दोन ठिकाणें आहेत. परंतु तेथें आपलें पाऊल क्वचितच थांबतें.

पहिलें घोडबंदर. अरबस्तानांतील घोडे येथें उतरत, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसईचा मुलूख मिळाल्यावर पुढें पोर्तुगिजांनीं येथें किल्ला उभारला. डोंगर जवळ आल्यानें खाडी येथें अरुंद होते, आणि ठाण्याहून खाडीनें वसईस जाणारें गलबत किल्ल्याच्या नजरेखालून जातें.

दुसरें धारावी. मुंबईंतील धारावी निराळी. ही भाईंदरच्या पश्चिमेची. तेथील चौक गांवाच्या टेकडीवरून खाडीचें मुख आणि पलीकडचा वसईचा कोट समोर दिसतो.

आतां नकाशा डोळ्यांपुढें आणावा. वसईस तीन बाजूंनीं पाणी. जमिनीवर कितीही फौज उभी केली, तरी पाण्यावाटे दारूगोळा व धान्य येत राहिल्यास वेढा व्यर्थच. मराठ्यांनीं हें वेळींच ओळखलें. १७३७ त चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत ठाणें व घोडबंदर त्यांनीं घेतलें. धारावी मात्र हातीं येऊन निसटली व १७३९ त ती पुन्हां लढून घ्यावी लागली. मग वसईचा श्वास कोंडला. त्याच वर्षीं मे महिन्यांत शरणागतीच्या अटी ठरल्या आणि पराभूतांस सन्मानानें निघून जाण्याची मुभा मिळाली.

विजयाच्या कथेंत नांव वसईचें राहिलें. या दोन पहारेकऱ्यांचें मागें पडलें. पुढें १८१८ मध्यें पेशवाईही संपली. राज्यें आलीं आणि गेलीं. उत्तन, डोंगरी, चौक येथील ख्रिस्ती कोळी व शेतकरी मात्र राहिले. प्रार्थनामंदिर पोर्तुगिजांच्या धर्माचें, आणि घरांतील बोली मराठी! हा वारसा जिंकणाऱ्यांचा कीं हरणाऱ्यांचा, असा वाद घालणाऱ्यांनीं प्रथम या घरांच्या अंगणांत उभें राहावें. ज्यांनीं दोन्ही राज्यें सोसलीं, त्यांचाही तो आहे. पडका तट राखावयाचा तो एवढ्याचसाठीं.

पुढल्या खेपेस आगगाडीनें वसईकडे जातांना भाईंदरच्या पुलावर क्षणभर पुस्तक मिटावें. उजव्या हातास घोडबंदर, डाव्या हातास धारावी. त्यांच्यामधून वाहणाऱ्या याच पाण्यावर एका राज्याचा शेवट ठरला.